पंप नसताना रोमन स्नानगृहात पाणी कसं पोचायचं, कसं तापायचं आणि बदलायचे का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: कादंबरीतला मुख्य माणूस पॉम्पेईच्या सार्वजनिक स्नानगृहात भट्टीवर कामाला आहे, काळ इ.स. ७९ च्या आगेमागे, म्हणजे व्हेसुव्हिअस ज्वालामुखीनं ते गाव गाडलं त्या सुमाराचा. वीज नाही, पंप नाही. मग रोज शेकडो माणसांना पुरेल एवढं पाणी चढवलं कसं, तापवलं कसं, ते रोज बदलत होते का, आणि शिशाच्या नळांनी रोमन लोक खरंच आजारी पडले का.

आपल्या डोळ्यांसमोर पाणीपुरवठा म्हणजे खाली टाकी, मधे पंप, वर टाकी, आणि नळ सोडला की पाणी. रोमन पद्धतीत पाणी चढवायचा प्रश्न फारसा यायचाच नाही. डोंगरातला झरा उंचावर धरायचा आणि गावात येईपर्यंत ती उंची वाया जाऊ द्यायची नाही, हे खरं काम. शिवाय पाणी रात्रंदिवस वाहतं असायचं. कोणी भरो न भरो, कारंजं चालू, जास्तीचं पाणी रस्त्यावर आणि गटारात. त्यामुळे थंड पाणी मुबलक असायचं. टंचाई असायची ती गरम पाण्याची, म्हणजे जळणाची. तुमच्या माणसाचं सगळं आयुष्य या दुसऱ्या अडचणीभोवती फिरणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. ‘रोमन लोक असं करायचे’ या वाक्याला गाव आणि साल जोडल्याशिवाय अर्थ नाही. रोम शहरात पहिली जलवाहिनी, आक्वा आप्पिया, इ.स.पू. ३१२ मध्ये आली आणि शेवटची मोठी इ.स. २२६ मध्ये, एकूण अकरा. पॉम्पेईला वाहतं पाणी मिळालं पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात. त्याआधीही तिथं स्नानगृहं होतीच. ती खोल विहिरींवर चालायची, आणि तिथं मात्र पाणी खरोखर उपसावं लागायचं: चाकावर बादल्यांची माळ, चाक फिरवायला माणसं, वर साठवणीचा हौद. आपल्याकडच्या रहाटगाडग्याच्या जवळची रचना. तुमच्या कथेतला एखादा म्हातारा कामगार ते दिवस आजोबांकडून ऐकल्यासारखं सांगू शकेल.

आता उंचीचं गणित. आजच्या फ्रान्समधल्या नीम शहराची जलवाहिनी सुमारे ५० किलोमीटर लांब आहे, पाँ द्यु गार हा प्रसिद्ध कमानींचा पूल तिच्यावरच आहे. एवढ्या लांबीत पाणी एकूण साडेबारा मीटरच्या आसपास खाली उतरतं. म्हणजे किलोमीटरला सरासरी २५ सेंटिमीटर ढाळ. गच्चीचा ढाळ चुकला तर कोपऱ्यात पाणी साचतं, एवढंच. इथं ढाळ चुकला तर सगळं गाव तहानलेलं. ढाळ कमी पडला की पाणी रेंगाळतं आणि गाळ बसतो. जास्त झाला की वेगानं तळ खरवडला जातो, आणि पुढच्या टप्प्यासाठी लागणारी उंची आधीच खर्च होऊन बसते. पातळी काढायला खोरोबातेस नावाचं २० फुटी लाकडी बाकडं वापरत. त्याला ओळंबे लावलेले असत, आणि वाऱ्यानं ओळंबे हलले तर वरच्या खाचेत पाणी ओतून पातळी बघायची.

कमानींचे फोटो बघून सगळी जलवाहिनी हवेतून जायची असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक भाग जमिनीखाली. इ.स.पू. १४४ मध्ये काम सुरू झालेली आक्वा मार्किआ ९१ किलोमीटर लांब होती, त्यातला सुमारे १० किलोमीटरच कमानींवर. जमिनीखाली पाणी थंड राहतं, घाण पडत नाही, शत्रूला सापडत नाही. ठरावीक अंतरावर वर उघडणारे कूप ठेवलेले असायचे, हवेसाठी आणि सफाईला उतरण्यासाठी. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजहून आणलेल्या पाण्याचे उच्छ्वास पाहिले असतील तर हे वेगळं समजावायला नको; काम तेच.

नाली दगड-चुन्याची, आणि आतून चुन्यात भाजलेल्या कौला-विटांचा चुरा मिसळून केलेला गिलावा. आपले जुने गवंडी ज्याला सुरकी म्हणतात तीच वस्तू. नुसता चुना पाण्याखाली नीट घट्ट होत नाही, सुरकीचा होतो. तळ आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात याच गिलाव्याची गोल पट्टी भरत. आज वॉटरप्रूफिंगवाले मोरीच्या कोपऱ्यात वाटा मारतात, त्याचं कारणही हेच: भेग आधी कोपऱ्यातच पडते.

बिघाड कशानं व्हायचा? सगळ्यात जास्त क्षारानं. चुनखडीच्या डोंगरातलं पाणी जड असतं. नीमच्या नालीत काही ठिकाणी भिंतीवर जवळजवळ हातभर जाडीचा दगडासारखा थर चढलाय. नाली अरुंद होते, पाण्याची पातळी वाढते, आणि वरच्या सांध्यांतून गळती सुरू होते. दुसरं कारण झाडांची मुळं. इ.स. ९७ मध्ये रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख झालेल्या फ्रोंतिनुसनं याबद्दल अगदी नेमकं लिहून ठेवलंय: कमानी आणि भिंतींच्या दोन्ही बाजूंना १५ फूट, जमिनीखालच्या नाल्यांना ५ फूट जागा मोकळी हवी. चुन्याचं काम १ एप्रिल ते १ नोव्हेंबरमध्येच करायचं आणि त्यातही कडक उन्हाळ्यात थांबायचं, नाहीतर चुना नीट धरत नाही. एका वेळी एकाच जलवाहिनीचं पाणी तोडायचं. त्याच्या हाताखाली ७०० माणसं होती. ही सगळी शिस्त वाचली की कळतं, जलवाहिनी एकदा बांधून झाली म्हणून काम संपत नसे.

आता पॉम्पेईत या. व्हेसुव्हिअस दरवाजापाशी, गावाच्या सगळ्यात उंच जागी, विटांची एक बुटकी इमारत आहे. तो वाटपाचा हौद. आत पाणी येतं, गाळ बसतो, आणि तीन मोठ्या नळांत पाणी विभागलं जातं. रोमन वास्तुकार वित्रुविउसनं तीन वाटे कारंजी, स्नानगृहं आणि खाजगी घरं असे सांगितलेत, पण पॉम्पेईतले तीन नळ तीन वस्त्यांकडे गेलेले दिसतात. कादंबरीत ‘स्नानगृहांचा नळ’ असं छापील वाटणी धरून लिहू नका.

इथून गावाच्या खालच्या दरवाजापर्यंत ३० मीटरहून जास्त उतार आहे. सरळ बंद नळ टाकला असता तर खालच्या टोकाला दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोहून जास्त दाब आला असता. रोमन शिशाचा नळ कसा बनायचा ते बघा: शिशाचा पत्रा ओतायचा, दांड्याभोवती वळवायचा, आणि वर जुळलेल्या कडा झाळायच्या. छेद गोल येत नाही, पेरूसारखा वर निमुळता येतो. जास्त दाबाला तो झाळलेला सांधा आधी उकलतो. म्हणून गावात चौकाचौकांत सुमारे ६ मीटर उंचीचे मनोरे उभे केले. मनोऱ्याच्या अंगाला उभी खाच, खाचेत नळ, माथ्यावर शिशाची उघडी टाकी. पाणी टाकीत चढायचं, तिथं दाब मोकळा व्हायचा, आणि पुढच्या वस्तीला नव्यानं ६ मीटरच्याच दाबानं निघायचं. काही मनोऱ्यांच्या अंगावर क्षाराचे पांढुरके ओघळ आजही आहेत: टाकी भरून वाहत राहायची त्याची खूण.

ब्राँझचे तोटीसारखे फिरवायचे नळही होते, पॉम्पेईत सापडलेत. त्यामुळे ‘रोमन लोकांना नळ बंद करता येत नव्हता’ हे खरं नाही. पण खालचा नळ बंद केला की पाणी मनोऱ्यावरून सांडतं, वाचत नाही.

मोजणी हाही तुम्हाला उपयोगी विषय आहे, कारण चोरी तिथंच व्हायची. पाण्याचं माप क्विनारिआ. हे लिटरचं माप नाही, भोकाचं माप आहे: सव्वा अंगुळ व्यास, म्हणजे साधारण २.३ सेंटिमीटर. परवानगी मिळाली की हौदाच्या भिंतीत त्या मापाचा, किमान १२ अंगुळं लांबीचा, शिक्का मारलेला ब्राँझचा तुकडा बसवायचा. ब्राँझ का, तर शिसं ठोकून सहज रुंद करता येतं. लबाडी तरीही व्हायची. तुकडा बरोबर मापाचा, पण त्याच्यामागे लगेच मोठा नळ जोडायचा; म्हणून पहिले ५० फूट नळ त्याच मापाचा हवा असा नियम होता. दुसरी युक्ती म्हणजे तुकडा शेजाऱ्यापेक्षा खाली बसवायचा, खालचं भोक जास्त पाणी ओढतं. आणि तिसरी सरळसोट: रस्त्याखालच्या नळाला भोकं पाडून पाणीवाले लोकच ते परस्पर विकायचे. भोकाचं माप कळलं तरी दाब आणि वेग कळत नाही, म्हणूनच रोमला रोज किती पाणी यायचं याच्या आजच्या अंदाजांत दुपटीपर्यंत फरक पडतो. कादंबरीत मोठा आकडा ठोकून देऊ नका.

आता भट्टी. इथं जरा थांबतो, कारण तुमचा माणूस इथंच उभा आहे.

गरम खोलीची जमीन अधांतरी असते. खाली दीड फुटी फरश्यांचा तळ, भट्टीच्या तोंडाकडे उतरता. वित्रुविउस सांगतो की चेंडू टाकला तर तो आत न थांबता तोंडाशी परत आला पाहिजे. त्यावर ८ इंची विटांचे दोन फूट उंच खांब, केस मिसळून मळलेल्या मातीत रचलेले. खांबांवर दोन फुटी फरश्या, त्यावर जाड काँक्रीट आणि वर संगमरवर किंवा मोझेक. रोमन फूट साडेएकोणतीस सेंटिमीटरचा धरा, म्हणजे खालची पोकळी सुमारे ६० सेंटिमीटर: माणूस पोटावर सरपटत जाईल एवढी. राख आणि काजळी काढायला कोणाला तरी तसं जावं लागणारच. भिंतींतूनही पोकळ विटांच्या उभ्या नळ्या, त्यातून धूर वर जातो आणि भिंत तापते. भिंत गरम असली की तिच्यावर वाफेचं पाणी धरत नाही, आणि तेवढ्याच जळणात खोली जास्त उबदार लागते.

बिघाड कुठं होतो? भट्टीच्या तोंडाजवळचे खांब आधी जातात, कारण ज्वाळा थेट त्यांना लागते. जमिनीला तडा गेला तर धूर सरळ खोलीत शिरतो. आणि भट्टी पूर्ण विझू देणं महागात पडतं. एवढं दगड-काँक्रीट एकदा गार झालं की पुन्हा तापवायला एक-दोन दिवस जातात, तेही हळूहळू, घाई केली तर तडे. म्हणून रात्री निखारे राखून ठेवायचे. मोठ्या लाकडांचा एकदम जाळ करण्यापेक्षा बारीक, कोरडं लाकूड सतत थोडं थोडं सारत राहणं हे खरं कसब आहे.

पाणी तापवायचे तीन हंडे: गरम, कोमट, थंड. गरमातून जेवढं काढलं तेवढं कोमटमधून त्यात उतरतं आणि कोमटमध्ये थंडमधून. आपल्या तांब्याच्या बंबात वरून गार पाणी ओतल्याशिवाय तोटीतून गरम येत नाही, तोच हिशोब, एक पायरी वाढवून. पुष्कळ ठिकाणी हंड्याचा तळ ब्राँझचा आणि वरचं अंग शिशाच्या पत्र्याचं असे. शिसं ३२७ अंशांना वितळतं, झाळ त्याच्याही बरीच आधी. आत पाणी आहे तोवर काळजी नाही. वरून येणारं पाणी थांबलं, हंडा कोरडा पडला आणि भट्टी चालू राहिली, तर सांधे सुटणारच. कथेत अपघात हवा असेल तर हा घ्या, तो अगदी खरा वाटेल.

कुंडातलं पाणी बसल्या बसल्या गार होतं. त्यावर पॉम्पेईच्या स्ताबिआ स्नानगृहात, बायकांच्या गरम खोलीत, एक सुंदर उपाय दिसतो. कुंडाच्या तळाशी ब्राँझचं अर्ध्या नळकांड्यासारखं भांडं पालथं बसवलंय, एका बाजूनं कुंडाला उघडं, आणि खाली थेट भट्टी. गार झालेलं पाणी तळाशी उतरून त्यात शिरतं, तापतं आणि पुन्हा वर येतं. त्याला कासव म्हणत. पंपाशिवाय पाणी फिरतं ठेवणारी ही युक्ती मला सगळ्या जलवाहिन्यांइतकीच मोठी वाटते.

मग पाणी बदलायचे का? जळणाचा हिशोब करू. एक घनमीटर पाणी १५ अंशांवरून ४० वर न्यायला २५,००० किलोकॅलरी लागतात. कोरड्या लाकडातून किलोमागे सुमारे ३,५०० मिळतात, त्यातला एक तृतीयांश पाण्याला लागला असं धरलं तर घनमीटरला वीस-बावीस किलो लाकूड. ४ मीटर लांब, २ रुंद, पाऊण मीटर खोल कुंड म्हणजे ६ घनमीटर: सव्वाशे किलो लाकूड, तेही खोली तापवण्याचं सोडून. थंड कुंडातून ताजं पाणी सतत वाहू द्यायला काहीच पडत नाही, गरम कुंडाचं प्रत्येक बदललेलं पाणी म्हणजे एक बैलगाडी हलकी होणं. त्यामुळे थंड कुंड बऱ्यापैकी स्वच्छ आणि गरम कुंड दिवस चढेल तसं गढूळ, असं धरून चाला. चांगला चालक रात्री ते रिकामं करून धुवेल, वाईट चालक नुसती भर घालेल. सांडलेलं पाणी शौचकूपांच्या नालीतून सोडून तिची सफाई होत असे.

लोक अंगाला तेल चोळून यायचे आणि वाकड्या धातूच्या पट्टीनं तेल, घाम, मळ खरवडून काढायचे. सगळा मळ निघत नाही, तेलाचा तवंग कुंडावर येतोच. सम्राट मार्कुस औरेलिउसनं आंघोळीचं वर्णन तेल, घाम, मळ, ओशट पाणी याच शब्दांत केलंय. वैद्यकावर लिहिणाऱ्या सेल्सुसनं ताजी जखम घेऊन स्नानगृहात जाऊ नका, ती चिघळते, असं बजावलं होतं. पण लोक आजारपणातही आंघोळीला जायचे, कारण वैद्यच तसं सांगायचे. क्लोरिन नाही, आणि कोमट पाणी तर जंतूंना मानवणारं. रोमन काळातल्या शौचकूपांच्या गाळात कृमींची अंडी भरपूर सापडतात, एवढी स्नानगृहं असूनही.

शिशाबद्दल थोडक्यात. ते विष आहे हे वित्रुविउसला माहीत होतं. शिशाचं काम करणाऱ्यांचे फिके चेहरे बघा आणि मातीचे नळ वापरा, असं त्यानं लिहिलंय. रोमच्या नळांतल्या पाण्यात झऱ्याच्या पाण्याच्या शंभर पटींपर्यंत शिसं असावं, असं बंदरातल्या गाळाच्या अभ्यासावरून दिसतं. पण पाणी सतत वाहतं, नळात मुरत नाही, आणि क्षाराचा थर आतून अस्तरासारखा बसतो. ज्या क्षारानं जलवाहिनी बुजते तोच इथं उपकार करतो. शिशाच्या भांड्यात आटवलेला द्राक्षरस याहून जास्त घातक होता. नळांनी साम्राज्य बुडालं, हे लिहू नका.

कामाच्या रोजच्या चौकटीसाठी पोर्तुगालमधल्या विपास्का या खाणीच्या गावचा, सम्राट हाद्रिआनुसच्या काळातला ठेक्याचा नियम फार उपयोगी आहे. पॉम्पेईहून पन्नासेक वर्षं नंतरचा, तरी गणित तेच. ठेकेदारानं रोज स्वखर्चानं स्नानगृह तापवायचं. पहाटेपासून सातव्या तासापर्यंत बायका, आठव्या तासापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत पुरुष (दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजत, रात्रीचे सूर्यास्तापासून). पुरुषांना अर्धा आस (रोमन नाणं), बायकांना एक. ब्राँझची भांडी दर ३० दिवसांनी घासून ताजी चरबी लावायची. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत भरलेलं हवं. आणि छाटणीच्या फांद्यांखेरीज लाकूड बाहेर विकायचं नाही, विकलं तर प्रत्येक वेळी १०० सेस्तेर्तिउस (आसपेक्षा मोठं नाणं) दंड. लाकूड विकण्याचा मोह किती असेल, ते या एका कलमावरून कळतं.

शेवटी तुमच्या सालाबद्दल. ६२ च्या सुमाराच्या मोठ्या भूकंपानंतर पॉम्पेईचा पाणीपुरवठा मोडला होता. ७९ मध्येही तो पूर्ववत नव्हता: पदपथ खणलेले होते, जुने नळ काढलेले होते, स्ताबिआ स्नानगृहाचं काम चालू होतं आणि नवं मध्यवर्ती स्नानगृह अर्धवट होतं. तुमच्या माणसाला चौकाजवळच्या फोरम स्नानगृहातल्या पुरुषांच्या विभागात कामाला लावा. तिथं कोमट खोलीत नुसती ब्राँझची शेगडी होती, निगिदिउस वाक्कुला नावाच्या माणसानं दिलेली, तिच्यावर त्याच्या नावावरून गाय कोरलेली (वाक्कुला म्हणजे छोटी गाय). गरम खोलीत संगमरवरी परात, कडेवर ब्राँझच्या अक्षरांत तिची किंमत लिहिलेली: ५,२५० सेस्तेर्तिउस. आणि त्याच खोलीच्या छताला पन्हळी पाडलेल्या आहेत, वर साचलेली वाफ थेंबाथेंबानं अंगावर न पडता भिंतीकडे ओघळावी म्हणून. संध्याकाळी दिवे लागले की त्या पन्हळींतून उतरणारं पाणी चमकत असणार. भट्टीवरचा माणूस मात्र भिंतीच्या पलीकडे, धुरात. त्याच्यापर्यंत त्या खोलीतून येणार ते लोकांचे आवाज, आणि हंड्यात पाणी उतरल्याचा आवाज. दुसऱ्याकडे त्याचा कान कायम लागलेला ठेवा.